“आई, तो तिच्या मागे का जातोय?” : जुने विनोदी प्रेमपट पाहताना

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. जुने हलकेफुलके प्रेमपट आपल्याला शाळेत असल्यापासून आवडतात. गेल्या महिन्यात आपण तेरा वर्षांच्या मुलीसोबत ‘छोटी सी बात’ पाहायला बसलात. नायक बसथांब्यापासून नायिकेच्या मागे चालू लागला तेव्हा मुलीने विचारले, “आई, तो तिच्या मागे का जातोय? आणि तू हसतेस का?” आपण टीव्ही बंद केला नाही, पण त्यानंतर तो चित्रपट आपल्याला मोकळ्या मनाने पाहताही आला नाही. असे चित्रपट आता सोडून द्यावेत का, त्यांचा आनंद घेणे हा दुटप्पीपणा आहे का, आणि मुलीला काय सांगावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली चोवीस वर्षे चित्रपट रसास्वादाची शिबिरे घेते आणि एका फिल्म सोसायटीत दर महिन्याला चित्रपट दाखवून त्यावर चर्चा चालवते. साठ ते ऐंशीच्या दशकांतले विनोदी प्रेमपट मला मनापासून आवडतात आणि मी ते आवर्जून दाखवते. आपण ज्या प्रश्नापाशी अडखळलात तो प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत जवळजवळ प्रत्येक चर्चेत कुणीतरी विचारतेच, आणि बहुतेक वेळा विचारणारी व्यक्ती पंचविशीच्या आतली असते. त्यामुळे या प्रश्नावर मला पुष्कळ विचार करावा लागला आहे आणि माझे मत या काळात बदललेही आहे.

आपली खरी अडचण पाहावे की पाहू नये ही नाही, असे मला वाटते. जो प्रसंग पाहून आपण इतकी वर्षे हसत आलात, त्याच प्रसंगात आपल्या मुलीला काहीतरी धोक्याचे दिसले, आणि तिचे म्हणणे आपल्याला त्या क्षणी पटले. पटले नसते तर आपण हा प्रश्न विचारलाच नसता. म्हणजे एकाच प्रसंगाचे दोन अनुभव आता आपल्याजवळ आहेत, दोन्ही प्रामाणिक आहेत, आणि त्यांपैकी एकाला खोटे ठरवल्याशिवाय आपली सुटका नाही असे आपल्याला वाटते आहे. मुलीला भाबडी ठरवावे तर ते मनाला पटत नाही, आणि स्वतःच्या जुन्या आनंदाला चूक ठरवावे तर आयुष्याचा एक कोपरा पुसून टाकल्यासारखे होते. माझे उत्तर या पेचाविषयी आहे.

त्याआधी हे कबूल केले पाहिजे की याचे एकच एक उत्तर सर्वांना लागू पडत नाही. चित्रपट कोणासोबत पाहतो यावर पुष्कळ काही ठरते. आपल्या वयाच्या मैत्रिणींसोबत, एकमेकींच्या आठवणी ठाऊक असताना पाहणे वेगळे, आणि ज्या मुलीच्या मनात प्रेमाविषयीच्या कल्पना आत्ताच आकार घेत आहेत तिच्या शेजारी बसून पाहणे वेगळे. पाहणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष आयुष्यात काय आले आहे, हे तर सर्वांत महत्त्वाचे आहे. जिचा कुणी रस्त्यात माग काढला आहे, तिने एखाद्या प्रसंगाला अजिबात हसू नये आणि मध्येच उठून जावे, हा तिचा अधिकार आहे; “अगं, सिनेमाच तर आहे” असे तिला सांगण्याचा अधिकार मात्र आपल्यापैकी कुणालाही नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. मी महाविद्यालयात असताना एक मुलगा जवळजवळ दोन महिने सायकलवरून माझ्या मागे घरापर्यंत येत असे. तो कधी बोलला नाही, त्याने कधी काही केले नाही. मी रस्ता बदलला, वेळ बदलली, मैत्रिणीला सोबत घेऊ लागले, पण घरी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्याचे येणे थांबण्याआधी माझे महाविद्यालय थांबले असते. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘छोटी सी बात’ लागला आणि सर्व घरासोबत मी तो पाहिला, आणि हसले. खोटे हसले नाही, मनापासून हसले. पुढे अनेक वर्षे मला या गोष्टीचे नवल वाटत राहिले की, या दोन अनुभवांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मला त्या वेळी जाणवलेच नाही. ते का जाणवले नाही, याचा शोध घेताना मला विनोदी प्रेमपटाची रचना समजली.

‘छोटी सी बात’ बासू चॅटर्जींचा, १९७६ च्या आरंभी प्रदर्शित झालेला. १९६० च्या एका ब्रिटिश विनोदी चित्रपटावर बेतलेला. अमोल पालेकरांचा अरुण हा मुंबईच्या एका कार्यालयात काम करणारा अत्यंत बुजरा तरुण आहे. विद्या सिन्हांची प्रभा त्याला बसथांब्यावर दिसते, तो रोज तिच्या मागे जातो आणि बोलण्याचे धैर्य मात्र त्याला होत नाही. आता दिग्दर्शकाने येथे काय केले आहे ते पाहावे. प्रभाला हे सर्व ठाऊक आहे, असे आपल्याला दाखवले जाते. ती मैत्रिणीजवळ त्याविषयी बोलते, तिला त्याची गंमत वाटते, तो कधी बोलतो याची ती जणू वाट पाहते आहे. अरुण बिचारा समजतो की आपण तिच्यावर लक्ष ठेवून आहोत. प्रत्यक्षात तीच त्याला न्याहाळते आहे. आपण हसतो ते या उलटापालटीला. तिची भीती पाहून आपण हसत नाही, कारण तिला भीती वाटतच नाही. घरात बसून मी मोकळेपणाने हसू शकले, कारण मला प्रभाच्या मनात शिरू दिले होते आणि तेथे सर्व काही सुरक्षित होते.

पण आपल्या मुलीने नेमके जे पकडले ते असे आहे की, हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. अरुणला ठाऊक नाही. प्रभाच्या मनात काय आहे हे माहीत नसताना तो रोज तिच्या मागे जातो. ती घाबरलेली असती, तरीही तो तसाच गेला असता. तिचा आनंद हा पटकथेने त्याला दिलेली आगाऊ माफी आहे, आणि ही माफी त्याने स्वतःच्या वागण्याने मिळवलेली नाही. माझ्या मागे सायकलवरून येणाऱ्या मुलालाही बहुधा आपण अरुणसारखेच निरुपद्रवी आहोत असे वाटत असावे. फरक इतकाच होता की माझ्या मनात काय चालले आहे हे दाखवणारा कॅमेरा तेथे नव्हता. २०१३ साली भारतीय दंड संहितेत पाठलागाविषयीचे कलम ३५४ ड आले (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७८), त्यात स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शवूनही वारंवार मागे जाण्याला आणि संपर्काच्या प्रयत्नाला गुन्हा म्हटले आहे. म्हणजे कायद्यालाही तिच्या मनाचा पत्ता तिच्या दिसणाऱ्या नकारावरूनच लावावा लागतो. विनोदी प्रेमपट हा पत्ता प्रेक्षकाला फुकट देतो आणि मग नायकाने तो विचारलाच नाही याकडे आपले लक्ष जाऊ देत नाही.

माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटांकडे पाहण्याची किल्ली हीच आहे. प्रसंग सुरू असताना चित्रपटाला काय माहीत आहे आणि त्यातल्या माणसाला काय माहीत आहे, हे दोन वेगळे करून पाहावे. पहिल्यातून आपला आनंद येतो, आणि तो खरा आहे. दुसऱ्यातून आपल्या मुलीचा आक्षेप येतो, आणि तोही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी मनात धरता येतात. तसे धरल्यावर माझा अनुभव असा की चित्रपट कमी होत नाही, त्याची कारागिरी अधिक स्पष्ट दिसू लागते.

आता “तो काळच तसा होता” या उत्तराविषयी. हे उत्तर मी स्वतः बरीच वर्षे दिले आहे आणि आता देत नाही, कारण ते त्या काळावरच अन्याय करते. कोणताही काळ एका मताचा नसतो. आपल्या संगीत रंगभूमीचेच उदाहरण घ्यावे. म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लग्न करणे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात सर्रास चालत असे, म्हणून त्या काळच्या लोकांना तिच्यात काही वावगे दिसत नव्हते असे आपण समजतो. पण गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आणले, त्यात भुजंगनाथाच्या लग्नाच्या हौसेची यथेच्छ टर उडवली, आणि त्याच नाटकात शारदेची व्यथा इतक्या थेट मांडली की प्रेक्षक हेलावून गेले. जरठकुमारी विवाह चूक आहे हे त्याच काळातल्या माणसाला, त्याच काळातल्या भाषेत, पूर्णपणे दिसत होते.

त्याहून मला बोलके वाटणारे उदाहरण ‘संगीत सौभद्र’चे आहे, ज्याला मी मराठीतला पहिला मोठा विनोदी प्रेमपट म्हणेन, फक्त तो पडद्याऐवजी रंगमंचावर घडतो. महाभारताच्या आदिपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवरात सुभद्रा कोणाला निवडेल याचा भरवसा नाही, तेव्हा तिला पळवून न्यावे. तेथे तिचे मन कोणी विचारत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली हीच कथा घेतली तेव्हा त्यांची सुभद्रा आधीपासूनच अर्जुनावर प्रेम करणारी आहे, आणि दुर्योधनाशी तिचे लग्न लावण्याचा बलरामाचा बेत तिला नकोसा आहे. म्हणजे जुन्या कथेतली जी गोष्ट खटकण्यासारखी होती ती किर्लोस्करांनी दुरुस्त करून घेतली. आज पाहता नाटकात अजूनही कपट आहे, यतीचे सोंग आहे, झोपेतच तिला उचलून नेणे आहे. कृष्णाला सर्व ठाऊक आहे आणि सुभद्रेला काहीच ठाऊक नाही, हे मला दरवेळी टोचते. पण आपल्या मुलीने जो प्रश्न विचारला तोच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी किर्लोस्करांनी आपल्या परीने आदिपर्वाला विचारला होता, असे मी मानते. जुन्या कलाकृतीवर आक्षेप घेणे म्हणजे परंपरेचा अपमान, असे कुणी म्हटले तर मी ‘सौभद्र’कडे बोट दाखवते.

चित्रपटांतही हेच दिसते. सई परांजपेंचा ‘चष्मेबद्दूर’ १९८१ चा, म्हणजे ‘छोटी सी बात’नंतर अवघ्या पाच वर्षांचा. दिल्लीत एका खोलीत राहणाऱ्या तीन मित्रांपैकी दोघे मुलींच्या मागे लागतात, फजिती करून घेतात आणि घरी येऊन विजयाच्या खोट्या कथा सांगतात. त्या कथा हिंदी चित्रपटांतल्या प्रेमगीतांच्या थाटात दाखवल्या आहेत आणि प्रत्यक्षात काय घडले तेही आपल्याला ठाऊक आहे. मुलीच्या मागे जाण्याला नायकपणा मानणारी संपूर्ण रीतच येथे हास्यास्पद ठरते. दीप्ती नवलची नेहा धुण्याच्या पावडरीची विक्री करत दारोदार फिरणारी स्वतंत्र मुलगी आहे, आणि तिचे व सिद्धार्थचे प्रेम बोलण्यातून, ओळखीतून, कॉफीच्या कपावर हळूहळू घडते. तरीही याच चित्रपटाच्या शेवटी, दुरावलेल्या दोघांना एकत्र आणण्यासाठी नेहाच्या अपहरणाचे नाटक रचले जाते आणि ते खरेच अपहरण होऊन बसते. इतक्या जाणत्या दिग्दर्शिकेलाही कथा मिटवण्यासाठी जुनाच साचा हाताशी लागला, हे मला चित्रपटाविषयी तक्रार म्हणून सांगायचे नाही. साचा किती खोल रुजलेला असतो हे त्यातून कळते.

आता आपल्या सर्वांच्या लाडक्या ‘अशी ही बनवाबनवी’कडे येते, कारण आपल्या घरातही तो पाठ असणार. १९८८ चा, सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला, वसंत सबनीसांनी लिहिलेला, आणि १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावर आधारलेला. शिबिरात मी तो दर दोन वर्षांनी दाखवते आणि त्यावरची चर्चा सर्वांत जास्त वेळ चालते, कारण यात खटकणारे आणि प्रेमाने जपण्यासारखे असे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहे.

या चित्रपटाचा पाया घरटंचाईचा आहे. अविवाहित मुलांना कोणी खोली देत नाही, म्हणून चौघांपैकी दोघे बायका होतात. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडेकरूला घराबाहेर काढणे घरमालकाला फार कठीण जाई. त्यामुळे मालक माणूस पारखूनच घरात घेत, आणि एकट्या तरुणांना तर दारातूनच परत पाठवले जाई. ही पार्श्वभूमी विद्यार्थ्यांना सांगितली की त्यांना हसू येण्याआधी ओळख पटते, कारण आज पुण्यात नोकरीसाठी आलेल्या एकट्या मुलींना आणि मुलांना ‘फक्त कुटुंबासाठी’ हे शब्द अजूनही ऐकावे लागतात. हा चित्रपट आजही ताजा वाटतो याचे एक कारण हे आहे की त्यातली लबाडी गरजेतून जन्मलेली आहे.

पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची आपली परंपरा बालगंधर्वांच्या आदरणीय कलेपासून ते ‘मोरूची मावशी’च्या धमालीपर्यंत पसरलेली आहे. सचिनची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती पाहताना मला या दोन्ही टोकांची आठवण होते. सुधा ही बरीचशी जुन्या रंगभूमीवरच्या नजाकतीने उभी राहिलेली आहे, तर पार्वती ही सोंगाची फजिती आहे. पार्वतीचे डोहाळजेवण होते तो प्रसंग विनोदाच्या दृष्टीने विलक्षण आहे, कारण खोटेपणा जितका वाढतो तितका घरमालकीणबाईंचा जिव्हाळा खरा होत जातो. नयनतारांनी ती वृद्ध बाई इतक्या मायेने उभी केली आहे की तिला फसवले जाते आहे याचे वाईट वाटते, आणि चित्रपटालाही ते वाटते हे महत्त्वाचे. तिच्या विश्वासाची किंमत कथेला ठाऊक आहे.

पण घरात वावरणाऱ्या तरुण मुली सुधाला मैत्रीण समजून तिच्याशी जी जवळीक करतात, जे मोकळेपण दाखवतात, त्याची किंमत कथेला ठाऊक नाही. त्या मुलींच्या विश्वासाचा वापर होतो आणि सरतेशेवटी प्रेम जुळले म्हणून सर्व फिटले असे धरले जाते. येथे पुन्हा तीच आगाऊ माफी आहे. एका शिबिरात एक विद्यार्थिनी म्हणाली होती की, खरे काय ते कळल्यावर त्या मुलीला आपण आजवर तिच्यासमोर काय काय बोललो हे आठवून कसे वाटले असेल, तेवढा एक प्रसंग तिला हवा होता. मला ही टीका अत्यंत योग्य वाटली. त्या विद्यार्थिनीला चित्रपट नकोसा झाला नव्हता, तिला त्यात एका माणसाचे मन आणखी हवे होते. असा आक्षेप घेणारा प्रेक्षक चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांपैकीच असतो.

प्रत्येक चित्रपटाबाबत मात्र मी इतकी उदार राहू शकत नाही. ‘पडोसन’ (१९६८) हा त्यातल्या गाण्यांमुळे आणि किशोरकुमारांच्या अभिनयामुळे मला फार आवडत असे. खिडकीतून शेजारणीवर नजर ठेवणे, दुसऱ्याच्या आवाजाचा आधार घेऊन तिचे मन जिंकणे, आणि शेवटी नायकाच्या आत्महत्येचे खोटे नाटक करून तिला लग्नाच्या निर्णयापासून मागे वळवणे, यांतून जी कथा बनते तिच्यातून ही फसवणूक बाजूला काढली तर काही उरत नाही. त्याशिवाय मेहमूद यांनी रंगवलेला दाक्षिणात्य संगीतशिक्षक आहे. त्यांचे कसब वादातीत आहे, पण त्या भूमिकेतले हसू एका संपूर्ण समाजाच्या उच्चारांवर आणि पेहरावावर उभे आहे. एकदा मी हा चित्रपट दाखवला तेव्हा आमच्या सोसायटीतले एक तमिळभाषक सभासद दोन तास शांत बसून होते. चर्चेत त्यांनी एवढेच सांगितले की शाळेत त्यांना याच नावाने आणि याच स्वरात चिडवले जात असे. सभागृहात मोठ्याने हसणाऱ्यांत मी होते. त्यानंतर हा चित्रपट मी पूर्वतयारीशिवाय, मिश्र प्रेक्षकांसमोर दाखवत नाही. गाणी मात्र शिबिरात ऐकवते आणि त्यांच्या रचनेविषयी बोलते.

तर आतापर्यंत सांगितलेले एकत्र करायचे तर असे म्हणता येईल की खटकणारी गोष्ट चित्रपटात कोठे बसली आहे हे आधी पाहावे. कधी ती एखाद्या काट्यासारखी असते, म्हणजे काढली तर बाकी सर्व शाबूत राहते. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या अमेरिकी चित्रपटात नायक नायिकेच्या वडिलांना सांगतो की हिला रोज एक ठोसा लगावणारा माणूस हवा आहे, आणि ते वाक्य वगळले तरी त्या दोघांच्या प्रवासाची गोडी कमी होत नाही. कधी ती ‘छोटी सी बात’सारखी कथेच्या आरंभात असते, पण स्त्रीच्या मनाला जागा दिल्याने तिचा अर्थ बदलतो. कधी ‘पडोसन’सारखी तीच कथेचे इंजिन असते. पहिल्या दोन प्रकारांत मी निःसंकोच आनंद घेते आणि आक्षेपही नोंदवते. तिसऱ्या प्रकारात माझा आनंद नेमका कशातून येतो आहे हे मला स्वतःला विचारावे लागते, आणि उत्तर कधी कधी मला न आवडणारे असते.

दुटप्पीपणाविषयी आपण विचारले आहे. मुलीला एक सांगायचे आणि स्वतः गुपचूप वेगळे पाहायचे, हा दुटप्पीपणा होईल. तिच्यासमोर बसून “मला हे आवडते, आणि हे खटकते” असे दोन्ही मोकळेपणाने बोलणे हा दुटप्पीपणा नाही. आपल्या घरांत मोठ्यांनी आवडत्या गोष्टीतली चूक मान्य केलेली मुलांना फारशी दिसत नाही, त्यामुळे त्यांना वाटते की आवडणे म्हणजे सर्व पटणे. पुढे प्रत्यक्ष नात्यांत हाच समज त्यांना महाग पडू शकतो.

मुलीसोबत पाहताना काय करावे, याविषयी माझ्या अनुभवातून काही सुचवते. चित्रपट आधी एकट्याने पाहून घ्यावा, म्हणजे तिच्या प्रश्नाने आपण दचकणार नाही. प्रसंग पुढे ढकलू नये. जे झाकले जाते ते अधिक लक्षात राहते, आणि आपल्याला त्याची लाज वाटते एवढेच तिला कळते. दर पाच मिनिटांनी थांबवून समजावूनही सांगू नये, कारण विनोदाची लय तुटली की हाती फक्त व्याख्यान उरते. एकदाच थांबावे, आणि तेही तिने विचारले तर. क्रमही बदलून पाहावा. माझ्या शिबिरांत मी आता ‘चष्मेबद्दूर’ आधी आणि ‘छोटी सी बात’ नंतर दाखवते, कारण मागे लागण्याची रीत आधी हास्यास्पद झालेली पाहिली की विद्यार्थी अरुणकडे वेगळ्या नजरेने, आणि मला आढळले आहे की अधिक करुणेने, पाहतात. आणि तिला चित्रपट आवडला नाही, तर तो न आवडण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, हे आपण मनापासून मान्य करावे. आपले बालपण तिला आवडलेच पाहिजे असे नाही.

तिने विचारलेल्या प्रश्नाचे मी काय उत्तर दिले असते, ते सांगते. मी म्हटले असते: “तो तिच्या मागे जातोय, कारण त्याला बोलायची भीती वाटते, आणि त्याचे हे वागणे चुकीचे आहे, कारण तिला कसे वाटते हे त्याला माहीत नाही. मी हसते, कारण मला आणि तिला ते माहीत आहे.” एवढे उत्तर तेरा वर्षांच्या मुलीला पूर्ण समजते. शिबिरात आठवी-नववीतल्या मुलांना मी हे सांगितले आहे, आणि त्यांनी लगेच विचारलेला पुढचा प्रश्न नेहमी हाच असतो की, तिला आवडत नसते तर काय झाले असते? तेथून जे बोलणे सुरू होते ते बहुधा चित्रपटाबाहेर जाते, शाळेच्या रस्त्यावर, क्लासच्या दारापाशी, मोबाईलवरच्या संदेशांपर्यंत जाते. ते जाऊ द्यावे. माझ्या त्या दोन महिन्यांविषयी मला कुणी विचारले असते, तर मी सांगितले असते.

तिची इच्छा असेल तर आणखी एक गोष्ट करून पाहा. शिबिरात मी ती हमखास करते. बसथांब्यावरचा तोच प्रसंग पुन्हा लावा आणि आवाज पूर्ण बंद ठेवा. संगीत गेले की आपण निरागसतेची जी खूण पकडून बसलेले असतो ती निघून जाते आणि एक तरुण एका मुलीच्या मागे चालताना उरतो. मग आवाज सुरू करून तोच भाग तिसऱ्यांदा पाहा, आणि या वेळी अरुणकडे न पाहता फक्त प्रभाच्या चेहऱ्याकडे पाहा. मुलीला विचारा, तिला कळले आहे हे तुला कोणत्या क्षणी कळले. विद्या सिन्हांनी त्या काही मिनिटांत किती बारीक काम केले आहे ते आपल्यालाही कदाचित प्रथमच दिसेल.